खड्ड्यातले पाच साक्षीदार

“मधोमध कापायचं का कडंनं?” फावड्याचे पाते अंगठ्याने चाचपत पीरमहंमदने विचारले.

“मधोमध. वरून खालपर्यंत सरळ,” मी म्हणालो.

“आन मग माती बोलनार व्हय?” खड्ड्याच्या काठावर बसलेला भीमा हसला. हा पीरमहंमदकडचा जुना खणकरी. “मामू, लवादापुढं मानसं बोलंनात, हितं माती बोलनार म्हनं!”

१९४३ सालचा मार्च होता. जामखेडकडच्या एका तलावाच्या बांधासाठी पीरमहंमदने ठेक्याने माती काढली होती. खणताना मजूर मध्ये मध्ये एकेक उंचवटा तसाच सोडतात. त्याला साक्षीदार म्हणतात. त्याच्या माथ्यावरून मूळ जमीन कळते, खोली मोजता येते आणि त्यावर पैसे ठरतात. या खड्ड्यात असे पाच होते. पाचांवरही वरून माती चढवली आहे, असे ओव्हरसियर म्हणाला. लवादाने ते मानले, रक्कम कापली आणि निकालात ‘ठेकेदाराची लबाडी’ असा शेरा मारला. तेव्हापासून पीरमहंमदला कोणी काम देईना. त्याने अपील केले. पाचही साक्षीदार मूळ जमिनीचे आहेत, असे शपथेवर लिहून दिले.

मी नुकताच बी.एस्सी. होऊन नगरच्या कचेरीत लागलो होतो. अपील ऐकणाऱ्या साहेबांनी मला पाहणीला पाठवले. कापले की साक्षीदार संपणार, म्हणून लवादाने त्यांना हात लावला नव्हता. मी कापायचे सुचवले, तेव्हा पीरमहंमद म्हणाला, “कापा की. आत काय असतंय ते मीबी कंदी बगितलं न्हाई.”

पहिला कापला. वर काळी माती, खाली मुरूम. कुंदा गवताची मुळे माथ्यापासून थेट मुरमात उतरलेली. चढवलेल्या मातीतून ती अशी सलग गेली नसती. मी एक मूळ बोटाने दाखवले. पीरमहंमद उकिडवा बसून नजरेने त्याच्यामागे पार तळापर्यंत गेला.

“आयला, ह्ये तर माझ्या वकिलापरीस सरळ बोलतंय!”

दुसरा, तिसरा, चौथा तसेच निघाले. मी वही मिटली. “पुरे, चाचा. चारांवरून खोली निघते.”

“पाचवाबी बगू.”

“गरज नाही.”

“गरज न्हाई, पर आता कळू द्या की.”

भीमा काठावरून उठला. “ऊन लई झालं, मामू. ऱ्हाऊ द्या तो.”

पीरमहंमदने त्याच्याकडे पाहिले आणि फावडे मारले.

वरची वीतभर माती भुसभुशीत निघाली. तिच्याखाली वाळके गवत आडवे दबलेले होते. मुळे तिथूनच खाली गेली होती.

“कुनी चढवली?”

“म्या,” भीमा म्हणाला. “ओव्हरसियर परत्येक येळंला वीतभर कमीच धरतो. म्हनून आमी वीतभर वाढवतो. समदीच करत्यात. तुमी नको म्हनलासा, तवर ह्यो एक झाला हुता.”

“मला सांगायचं न्हाईस?”

“तुमी उतरवाया लावला असता.”

“लावलाच असता,” पीरमहंमद म्हणाला. मग माझ्याकडे वळून, “दिसलं तसं लिवा, भाऊसाहेब.”

मी दिसले तसेच लिहिले. पाचांच्या सरासरीत त्या वितीचा फरक दोन इंचांहून कमी होता, हेही लिहिले.

महिन्याने अपील फेटाळले गेले. शपथेवरचे एक विधान खोटे ठरले, तेव्हा उरलेल्या चार साक्षीदारांचा विचार साहेबांनी केला नाही. शेरा कायम राहिला. मी व्हरांड्यात येऊन पीरमहंमदला निकाल सांगितला. त्याने मान हलवली.

“तुमच्या कागदात चार खरं हायती, असं लिवलंय नव्हं?”

“लिहिलंय.”

“वाचा.”

मी आतून अहवाल आणून वाचला.

“परत एकदा.”

पुन्हा वाचला.

“ह्याची नक्कल मिळंल?”

“मिळेल. पण आता तिचा कुठे उपयोग नाही, चाचा.”

“कुटं दावायची न्हाई. घरी पायजे.”

मी अर्ज लिहिला. त्याने त्यावर अंगठा उठवला आणि शाई सदऱ्याला न पुसता, वाळेपर्यंत हात पुढे धरून उभा राहिला.