सख्ख्या बहिणीपेक्षा जास्त

व्हर्लीनला मातीत ठेवून पंधरा दिवस झाले नव्हते, तोवर अनाथ मुलांच्या सरकारी ऑफिसातल्या बाईचा फोन आला. व्हर्लीनच्या मुलीला, टमीकाला, कुणाकडे ठेवायचं ते ठरवायला ती शुक्रवारी येणार होती. ठरवायचं काय होतं त्यात? टमीका माझ्याकडेच होती. ती जन्मली तेव्हा आईच्याही आधी मी तिला हातात घेतलं होतं. सहा वर्षं ती अर्धी वरच्या मजल्यावर व्हर्लीनकडे आणि अर्धी खाली माझ्याकडे वाढली. आता वरच्या मजल्याला कुलूप लागलं होतं, एवढाच काय तो फरक.

पण ऑफिसचा नियम होता. आई गेलेली, बापाचा पत्ता नाही, तर मूल रक्ताच्या नातेवाइकाला द्यायचं. तसं कुणी नसेल तर परक्यांच्या घरी, शहराच्या दुसऱ्या टोकाला. आमच्या गल्लीतून अशी गेलेली मुलं मी पाहिली आहेत. कारखाना बंद पडल्यापासून डेट्रॉइटच्या या बाजूला निम्मी घरं जळून काळी पडली होती, तरी मुलं गेलेली घरं मला त्याहून भकास वाटायची.

आणि मी व्हर्लीनची बहीण होते खरी, पण मानलेली.

मानलेली हा शब्द आमच्यात कुणी कधी काढलाच नव्हता. आमच्या दोघींच्या आया अलाबामाहून एकाच हिवाळ्यात इथे आल्या आणि एका खोलीत राहिल्या. मी दहा वर्षांची असताना माझी आई कुणाबरोबर तरी निघून गेली. व्हर्लीनच्या आईनं त्या संध्याकाळी टेबलावर माझंही ताट मांडलं आणि पुढे रोज मांडत राहिली. शाळेत, चर्चमध्ये, दुकानात सगळे आम्हाला बहिणीच म्हणायचे. आम्हीही तेच म्हणायचो, आणि खोटं बोलतोय असं कधी मनात आलं नाही.

ऑफिसातली ती मिस डँट्झलर आमच्यातलीच, काळ्या लोकांतलीच होती. सावळी, नीटनेटकी, अंगात भारी कोट. फोनवर तिनंच वाट दाखवली. तुमचा दोघींचा बाप एक असेल आणि कागदावर त्याचं नाव नसेल, म्हणाली, तर शेजारचं एक माणूस आणि चर्चमधलं एक माणूस जे सांगेल ते मी धरून चालेन. इतकं बोलून तिनं घाईनं फोन ठेवला.

शेजारच्या बर्नेटाला मी हे सांगितलं तेव्हा तिनं हातातली सिगरेट विझवली.

"मग बाप एक होता म्हणायचं," ती म्हणाली. "मेलेला बाप काही नाही म्हणायला उठून येत नाही."

"आणि पटेल का तिला?"

"ते मात्र अवघड आहे. व्हर्लीन काठीसारखी, आणि तू उभी राहिलीस की दार अडतं."

"मी बापावर गेलेय म्हणून सांग."

दोघी हसलो. व्हर्लीन गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता रडायला लागले. बर्नेटानं मला रडू दिलं.

चर्चमधलं माणूस म्हणजे मदर पिकेट. चर्चमधल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईला आमच्यात मदर म्हणतात, आणि तिच्या शब्दापुढे पाद्रीसुद्धा जात नाही. मदर पिकेट कधी खोटं बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. तिला आधी पढवून ठेवावं का, यावर आमचा बराच खल झाला. पढवायला गेलो तर बायबल काढून तासभर सुनावेल आणि येणारच नाही, हे दोघींनाही माहीत होतं. शिवाय पढवायची गरज काय? पंचवीस वर्षं ती आम्हाला "या दोघी बहिणी" म्हणूनच सगळ्यांपुढे उभी करत आली होती. विचारलं की तिच्या तोंडून तेच निघणार. म्हणून आम्ही तिला काहीच सांगितलं नाही.

शुक्रवारी मी पहाटेपासून घर घासलं. शेगडीवर कंगवा तापवून टमीकाचे केस सरळ केले, तेल लावलं, रिबिनी बांधल्या. कान भाजेल म्हणून ती कान धरून बसली होती आणि मध्येच माझ्या ताटातलं अंडं उचलून खात होती. एक बाई येणार आहे, नीट बस, एवढंच मी तिला सांगितलं. मग तिला आतल्या खोलीत टीव्हीसमोर बसवलं.

मिस डँट्झलर आली. तिनं खोल्या पाहिल्या, टमीकाचा पलंग पाहिला, फ्रिज उघडून पाहिला. बर्नेटानं आपलं काम चोख केलं. आमचा बाप कसा रंगेल होता, याची तिनं अशी काही गोष्ट रचली की क्षणभर मलाच त्या माणसाचा राग आला. मिस डँट्झलर मान खाली घालून लिहीत होती, आणि ती हसू दाबतेय असं मला वाटलं.

मग मदर पिकेटची पाळी आली. पांढरी टोपी, पांढरे हातमोजे, मांडीवर पर्स. ओनीटाला, म्हणजे मला, तुम्ही कधीपासून ओळखता, असं विचारल्यावर मदर म्हणाली, एवढीशी होती तेव्हापासून. ती टमीकाला नीट सांभाळेल का, असं विचारल्यावर ती म्हणाली की सख्ख्या बहिणीनं केलं नसतं एवढं हिनं व्हर्लीनसाठी केलंय.

मिस डँट्झलरचं पेन थांबलं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करत विचारलं, "मदर, म्हणजे ही व्हर्लीनची सख्खीच बहीण, असंच म्हणताय ना तुम्ही?"

तिनं दोर टाकला होता. बर्नेटा खोकली. मी मदरच्या तोंडाकडे बघत होते, आणि मला कळलं की मदरला राग आलाय. समोरची शिकलेली मुलगी मला कमी लेखतेय, असं तिला वाटत होतं.

"सख्ख्यांचं कौतुक नको मला," मदर म्हणाली. "माझ्या दोन सख्ख्या बहिणी बर्मिंगहॅमला आहेत. मी पडले तेव्हा एकीनंही फोन केला नाही. ही पोरगी व्हर्लीनच्या रक्ताची कुणी नव्हती. कुणी म्हणजे कुणीच नाही. तरी शेवटचे तीन महिने तिचं हगणंमुतणं हिनं काढलं. लिहा बाई, हे लिहा."

मिस डँट्झलरनं पेनाला टोपण लावलं. "हे तुम्ही बोलायला नको होतं, मदर," ती म्हणाली.

मदरनं तिच्याकडे पाहिलं, बर्नेटाकडे पाहिलं, शेवटी माझ्याकडे पाहिलं. मी तोंडावर हात दाबून धरला होता. हळूहळू तिच्या लक्षात आलं. 

"मला आजकाल आठवत नाही," ती म्हणाली. "वय झालं. सख्खी आहे ती. एका बापाच्या आहेत दोघी. मी शपथ घेते. बायबल आणा, मी शपथ घेते."

आयुष्यात पहिल्यांदा ती खोटं बोलत होती, आणि ते इतकं वाईट बोलत होती की मला ऐकवेना. मिस डँट्झलरचे डोळे भरले होते. मला दोन मुलं आहेत, ती म्हणाली, माझी नोकरी जाईल.

मंगळवारी टमीकाला न्यायला ऑफिसची गाडी आली. मी पाया पडायचंही बाकी ठेवलं नाही. आम्ही सांभाळतो, तुमचा एक पैसा नको, दर आठवड्याला येऊन बघा, सगळं बोलून झालं. टमीका गाडीच्या काचेला नाक लावून माझ्याकडे बघत होती आणि हात हलवत होती. तिला वाटलं होतं संध्याकाळी परत येणार. गाडी वळल्यावर मी तिथेच फूटपाथवरच्या बर्फात बसले. बर्नेटानं आणि आणखी दोघींनी मला उचलून आत नेलं.

मदर पिकेट दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे यायला लागली. येते, स्वयंपाकघरात बसते, रताळी सोलते आणि जाते. तिच्यावर ओरडावं असं मला शंभर वेळा वाटलं. ओरडणार तरी काय? तिनं माझी स्तुतीच केली होती.

महिन्यातून एकदा, दुपारी तासभर, ऑफिसातल्या एका खोलीत मला टमीकाला भेटू देतात. ज्या बाईकडे ती आहे ती वाईट नाही. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. मुलीला नवे बूट आहेत, नवा स्वेटर आहे, वळण लावलंय. मोठ्या माणसांना नावापुढे मिस लावून हाक मारायची, विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही, असं सगळं.

तिसऱ्या भेटीला मी रताळ्याचं सारण भरून भाजलेली गोड ‘पाय’ करून नेली, तिला आवडते तशी, वर भरपूर दालचिनी. डबा उघडून तिच्यापुढे ठेवला. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"मिस ओनीटा," ती म्हणाली, "मी एक तुकडा घेऊ का?"

"घे," मी म्हणाले.

तिनं एकच तुकडा घेतला, थँक यू म्हणाली, आणि खाऊन होईपर्यंत मान वर केली नाही.