भावाची पावडर ताईच्या पोटात

मित्रांनो, मी एक जुना शेकर आहे. पावडर आणि पाणी घालून, झाकण लावून खळखळवायचं, एवढंच माझं काम. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं, आपण एखाद्या पहिलवानाच्या हाती पडणार. पडलो एका पेंटरच्या! दुकानांच्या पाट्या रंगवणारा हा माणूस आजाराने इतका वाळला होता, की मला उचलतानाही धापा टाकायचा.

आजार रक्ताचा होता. थोरल्या बहिणीने आपल्या मूळपेशी दिल्या आणि डॉक्टरांनी त्या याच्या अंगात सोडल्या. पण अशा पेशी कधी कधी नव्या घराशीच भांडण उकरून काढतात. मग अंगावर पुरळ उठतं, पोट बिघडतं, प्रसंगी जिवावरही बेततं. स्टार्चची एक पावडर घेतली तर हे भांडण कमी होतं का, याची रुग्णालयात चाचणी चालू होती. त्यात भाग घ्यायला पेंटरने हौसेने सही केली. दिवसातून दोनदा प्यायचं आणि वहीत खूण करायची.

पहिल्याच घोटाला त्याने भिंतीचा चुना चाटल्यासारखं तोंड केलं.

"तायडे, माझ्या अंगात पेशी कुणाच्या?"

"माझ्या. का रे?"

"मग तूच पी की! पोचेल त्यांना."

एरवी भाजीवाल्याला घाम फोडणारी ही बाई भावापुढे अगदीच भोळी. "माझ्याच पेशी त्या, माझं नाही ऐकणार तर कुणाचं?" म्हणत तिने मला तोंडाला लावलं. तीन आठवडे ती प्यायली. तिचं पोट ढोलासारखं फुगलं आणि पेंटर वहीत सुबक खुणा काढत राहिला. मला फार लाज वाटायची, पण शेकरला विचारतो कोण?

तपासणीच्या दिवशी ताईने मलाही पिशवीत घालून नेलं. रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी वही चाळली. "वा, एकही दिवस चुकला नाही! चव कशी वाटते?"

"फारच छान," पेंटर म्हणाला.

बाईंनी चष्मा काढला. "या पावडरीला छान म्हणणारे तुम्ही पहिलेच."

ताई रडकुंडीला आली. "मीच प्यायले हो. पेशी माझ्याच ना!"

"होत्या, ताई. आता त्या यांच्या घरी नांदतात. आणि या पावडरीने गुण येतो की नाही, ते आम्हालाही अजून ठाऊक नाही. या वह्यांवरूनच ठरायचंय. उद्या दुसरे पेशंट तुमच्या या खुणांवर विसंबतील."

बाहेर बाकावर एक बसचालक आपल्या नंबरची वाट बघत होता. त्याच्यावरही हेच उपचार व्हायचे होते. त्याच्याकडे पाहून पेंटरचा चेहरा पडला. तिथेच बसून त्याने बेचाळीस खुणा खोडल्या आणि प्रत्येकीपुढे लिहिलं, 'ताई प्यायली'. मग पिशवीतून मला काढून त्याने पावडर घोळली आणि नाक दाबून मला रिकामं केलं.

पुढे थोडं पुरळ उठलं, पण निभावलं. पावडरीने की औषधांनी, ते मी कसं सांगू? आता तो कामावर जातो आणि माझ्यात ब्रश बुडवतो. झाकण तर कुठे हरवलं, कुणाला पत्ता नाही. वाईट वाटतं, पण तो धापा टाकत नाही, हे बघून बरंही वाटतं.

मित्रांनो, तुमच्या शेकरच्या झाकणाच्या खाचा नीट घासून धुवा, पावडर तिथेच साचते. आणि आपल्या माणसावर जीव ओवाळून टाका, पण त्याच्या वाट्याचा घोट त्यालाच घेऊ द्या.