जूलीची खाला

रिफतनं सकाळी सकाळी ईदचं मोठं पातेलं खाली काढून डाळ चढवली, तेव्हाच अदीलनं ओळखलं की आज अम्मी कुणाचं ऐकणार नाही. घरात खाणारी माणसं दोनच, ती आणि तिचा हा टॅक्सीवाला मुलगा. मग एवढी डाळ कुणासाठी, हे विचारायची गरजच नव्हती.

भिंतीपलीकडे डोरीनच्या घरात मयत झालं होतं. डोरीनची एकुलती एक जूली लंडनला नोकरीला होती. तिथल्या बॉम्बस्फोटात ती गेली, आणि स्फोट करणारा पोरगा पाकिस्तानी आईबापांचा निघाला. झालं, त्या दिवसापासून ब्रॅडफर्ड शहरातला प्रत्येक पाकिस्तानी जणू त्याचा सख्खा चुलता झाला. बसमध्ये रिफत बसली तशी शेजारची बाई उठली आणि गाडी हेलकावे खात असतानाही दांडा धरून उभी राहिली. अदीलच्या एका गिऱ्हाइकानं आत बसण्याआधी डिकी उघडून दाखवायला लावली. डिकीत रिफतचं शिलाई मशीन होतं, दुरुस्तीला निघालेलं. गडी त्या मशीनकडेही डोळे बारीक करून बघत राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, आणि इथं तर गावच्या गाव संन्याशांनी भरलेलं.

रिफतला या सगळ्याचा राग येत होता, पण खरी बोच वेगळीच होती. ती अजून डोरीनकडे गेली नव्हती.

जूलीची बातमी आली त्या दिवशी ती रोजच्यासारखी मागच्या अंगणातून निघाली होती. डोरीनच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत तिचा लीड्सचा भाऊ कीथ उभा होता. त्यानं रिफतला पाहिलं आणि पडदा ओढून घेतला. रिफत तशीच परत फिरली. हात कीथचा होता, पण पडदा डोरीननंच ओढायला लावला असं तिनं मनाशी धरलं आणि घरात बसून राहिली. मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी जेवण न्यायचं, ही रीत पाकिस्तानातल्या मीरपूरहून येताना ती बरोबर घेऊन आली होती. तिचा नवरा याकूब गेला तेव्हा डोरीननं दारातच विचारलं होतं की तुमच्यात काय करतात, मला सांग, मी करते. मग तीन दिवस तिनं दोन्ही वेळा चीज घालून भाजलेले बटाटे आणले. मीरपूरच्या पाहुण्यांनी ते नाकं मुरडत, पण पोटभर खाल्ले. आणि आज डोरीनवर वेळ आली, तर तिसरा दिवस उजाडला तरी रिफतच्या घरातून घास गेला नव्हता. लाज वाटत होती तिला.

डाळीला फोडणी देऊन होते न होते तोच हाजी सरवर आले. मटणाचं दुकान आणि मशिदीच्या कमिटीचं अध्यक्षपद, दोन्ही त्यांच्याकडेच. परवाच त्यांच्या दुकानाची काच कुणीतरी दगड मारून फोडली होती, तेव्हापासून माणूस निम्मा झाला होता. चहाचा कप हातात घेऊन त्यांनी बेत सांगितला. दुपारी कमिटीची पाच माणसं फुलं घेऊन डोरीनकडे जाणार, कौमच्या वतीनं माफी मागणार. टीव्हीवाल्यांनाही कळवलंय. रिफत शेजारची, तेव्हा तिनं पुढे उभं राहावं. बाईमाणूस पुढे असलं की बरं दिसतं.

"माफी कशाची, हाजीसाब?" रिफतनं विचारलं.

"आपल्यातल्याच एकानं केलं ना, आपा."

"आणि तुमची काच कुणी फोडली?"

"गोरं पोरगं होतं. पळालं."

"मग डोरीन आली का तुमच्याकडे माफी मागायला? आणि आली असती, तर तुम्ही तिला काय म्हटलं असतंत?"

म्हातारा वाईट नव्हता, घाबरलेला होता. "काच माझी फुटली, आपा," ते हळूच म्हणाले. "दोन शब्द बोलायला तुमचं काय जातंय?"

"माझी जूली गेलीय." रिफतनं पळी खाली ठेवली. "त्या पोराला मी जन्म दिला नाही, त्याचं तोंडही कधी पाहिलं नाही. जूलीला मी या ओट्यावर बसवून भरवलंय. लंडनहून आली की आईच्या आधी इथं यायची, सख्ख्या मावशीकडे यावं तशी, खाला, डाळ आहे का म्हणत. त्या मेल्याची मी कुणी लागत नाही, हाजीसाब. जूलीची लागते. तुम्ही माफी मागायला गेलात की मला त्याच्या बाजूला नेऊन उभी करणार. मी नाही उभी राहणार. मी रडायला जातेय, आणि माझी मी जाईन."

बोलता बोलता तिचं तिलाच कळलं, की हे पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. हाजीसाहेब कप ठेवून म्हणाले, टीव्हीवाल्यांना नको म्हणून कळवतो, आणि गेले.

अदील मात्र दारातच आडवा उभा राहिला. पुढच्या बाजूला माणसं आहेत, फुलं ठेवायला येतायत, कुणी काही बोललं तर? निदान मागच्या दारानं तरी जा.

"मागच्या दारानं आज गेले तर चोर ठरेन," रिफत म्हणाली. "सरक."

तिनं ओढणी डोक्यावर नीट घेतली, रोट्यांचं गाठोडं पातेल्याच्या झाकणावर ठेवलं आणि पुढच्या दारानं बाहेर पडली. फूटपाथवरच्या माणसांनी बोलणं थांबवलं. कुणी वाट दिली नाही, कुणी अडवलंही नाही. रिफतनं त्यांच्या मधूनच वाट काढली आणि कोपरानं डोरीनची बेल दाबली.

कीथनं दार उघडलं. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. त्यानं आधी पातेलं पाहिलं, मग तिला.

"तुमच्या लोकांनी काय केलंय ते ठाऊक आहे ना?"

"माझ्या लोकांपैकी एक आत उपाशी बसलीय," रिफत म्हणाली. "बाजूला हो बाबा, हात भाजतायत."

आता हा माणूस ओरडणार की दार लावणार, ते तिला कळेना. पण कीथचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. तिनं खरंच काही खाल्लेलं नाही, तो म्हणाला. अंडं तळून देतो म्हटलं तर गॅसला हात लावू देत नाही. नुसती बिस्किटं खाते आणि भिंतीकडे बघत बसते. का ते मला समजत नाही.

रिफतला समजलं. ती पातेलं घेऊन आत शिरली.

डोरीन स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. गॅस लख्ख पुसलेला आणि थंड. तिनं मान वर केली.

"तीन दिवस झाले, रिफत."

"डोरीन..."

"मयताच्या घरी गॅस लावायचा नसतो, शेजारून येतं. याकूब गेला तेव्हा तूच सांगितलंस ना मला? मी कीथला रोज सांगत होते, थांब, येईल. आणि तू आलीच नाहीस."

त्या पोरानं केलेल्या पापाचं उत्तर मागणाऱ्या साऱ्या जगासाठी रिफतकडे जबाब तयार होता. याला नव्हता. हा दोष कौमचा नव्हता, त्या पोराचा नव्हता, कीथच्या पडद्याचाही नव्हता. हा तिचा होता, आणि तो तिनं मुकाट्यानं डोक्यावर घेतला.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "माफ कर."

"आणि पुढच्या दारानं का आलीस? पाहुणी आहेस?"

रिफतनं तीन ताटं मांडली, कीथलाही खांदा दाबून खाली बसवलं. डोरीननं रोटीचा तुकडा डाळीत बुडवला, तोंडात घातला आणि सावकाश चावला.

"मिरची कमी घातलीस."

"तुला सोसत नाही म्हणून."

"जूलीला नसती चालली ही."

मग मात्र दोघींनाही धीर राहिला नाही. एकमेकींना धरून दोघी रडल्या, आणि कीथ ताटासमोर खाली मान घालून बसून राहिला. बऱ्याच वेळानं रिफतनं ओढणीनं डोळे पुसले, डोरीनचेही पुसले, आणि मागच्या दारानं घरी हिरव्या मिरच्या आणायला गेली.