आईचे तीन महिने

टक्. इस्त्री तापली आणि दुपारची शांतता मोडली. पलंगावर माझी सहा वर्षांची लेक, माझी खारूताई, कूस बदलून पुन्हा झोपली. मी इस्त्री बंद करून टाकली. कपडे काय, थांबतील. तिच्या झोपेत दोन अर्ज तरी वाचून होतात.

अर्ज विद्यापीठाच्या सुट्टीतल्या विज्ञानवर्गाचे. ज्यांच्या घरातलं कुणी कॉलेजात गेलेलं नाही, अशा मुलामुलींसाठीचा हा वर्ग. त्याच वर्गातून मी इंजिनिअरिंगला गेले, म्हणून आता मुलं निवडायला हातभार लावते. पहिली अट अजून तीच आहे: आईवडिलांपैकी कुणीही कॉलेजात गेलेलं नसावं.

माझा अर्ज आईने ओट्यापाशी उभ्याउभ्याच भरला होता. बाबा लेथवर कामाला. त्यांच्या नावापुढे तिने 'सातवी' लिहिलं. स्वतःच्या नावापाशी मात्र पेन अडलं.

"लिहा की, पंडितबाई!" बाबा हसले.

आई तीन महिने कॉलेजात गेली होती. मग आजोबा अंथरुणाला खिळले आणि ती शिवणाला बसली. पण ते तीन महिने आम्ही शंभरदा ऐकलेले. सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा, विटांच्या भिंतीसारख्या पेशी. "आणि अख्ख्या वर्गात सगळ्यात आधी मला दिसल्या, बरं का!"

तिने खरं तेच लिहिलं.

आठवड्याने कार्यालयातून एका बाईंचा फोन आला. मी आईला चिकटून ऐकत होते.

"ताई, परीक्षा दिली होती का?"

"नाही."

"मग हे धरायचं की नाही, तुम्हीच सांगा. धरलं तर मुलीचं नाव कटतं."

आईने माझ्याकडे पाहिलं.

"छे हो," ती हसत म्हणाली, "ते कसलं कॉलेज! नुसती जाऊन बसायचे. नका धरू."

माझं नाव लागलं. बाबांनी गल्लीभर सांगितलं. आईने माझ्या नव्या वहीला कव्हर घातलं. कांद्याच्या पापुद्र्याची गोष्ट तिने पुन्हा कधी काढली नाही, आणि मी माझ्याच नादात. कित्येक वर्षं मला ते जाणवलंसुद्धा नाही.

खारूताई कधी उठली कोण जाणे. डोळे चोळत मांडीत येऊन बसली. "गोष्ट सांग." मी तिला हीच सांगितली, पापुद्र्यापासून फोनपर्यंत.

तिने बराच विचार केला.

"मग आई, आजी कॉलेजात गेली होती की नव्हती?"