अकरा तुकडे

शनिवारी दुपारी तीन वाजता दूधबाईने परात पुसून ओट्यावर ठेवली. चार वाट्या पीठ, एक वाटी कोमट पाणी, चिमूटभर मीठ. खमीर नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाला जी भाकर मोडून सगळ्यांना वाटली जाते ती या घरातून जायची, असा चौतीस वर्षांचा शिरस्ता होता. आधी ती सासूबाई करत. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी परात सुनेकडे सरकवली आणि म्हणाल्या, आता तू कर, मी बसून नुसती नावं ठेवते.

दोन खोल्यांच्या घरात तिघीच होत्या. दूधबाईचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. तिची मुलगी अकरा वर्षांची. दूधबाई डेअरीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. आलेल्या प्रत्येक कॅनमधल्या दुधाची आम्लता, स्निग्धांश आणि भेसळ तपासायची, म्हणून तिला हे नाव पडलं. नाव प्रेमाचं होतं. गेल्या काही महिन्यांत मात्र चर्चच्या बाकांवर ते वेगळ्या सुरात घेतलं जाऊ लागलं होतं. दूध उतू गेलं आणि बाईच्याच अंगावर सांडलं, असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीच्या पदराआड हसल्या.

उजव्या मनगटावरचा पहिला पांढरा डाग मसुरीच्या डाळीएवढा होता. तिने त्यावर पातळ कागद ठेवून कडा गिरवली आणि आलेखाच्या कागदावर चौकोन मोजले. एकोणीस चौरस मिलिमीटर. दर महिन्याला मोजायची. आता चारशे सहा. शिवाय बोटांच्या पेरांवर चार डाग, आणि ओठाच्या डाव्या कोपऱ्यात एक. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे कोड आहे. कातडीला रंग देणाऱ्या पेशी काम थांबवतात. स्पर्शाने, अन्नाने, श्वासाने ते कुणाला होत नाही. डेअरीतल्या मुख्य रसायनतज्ज्ञांनी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, ती फाइलला लावली आणि म्हणाले, "कागद आला, विषय संपला. चला, टँकर उभा आहे."

चर्चमध्ये कुणी चिठ्ठी मागितली नाही.

तिथे कारण आधीच ठरलं होतं. वार्षिक सभेत दूधबाई उठून बोलली होती. चर्चच्या नव्या टाकीचं पाणी तिने डेअरीत तपासलं होतं आणि त्यात गटाराचे जंतू निघाले होते. टाकी पाळकांनी पुढाकार घेऊन बांधली होती. ते म्हणाले, पाणी चांगलं आहे. ती म्हणाली, नाही. तेही दोनदा, आणि दुसऱ्यांदा मोठ्याने. पुढच्याच आठवड्यात टाकी गुपचूप धुतली गेली. चार महिन्यांनी मनगटावर डाग आला. आधी सभा झाली, नंतर डाग आला. लोकांनी मध्ये 'म्हणून' घातलं आणि ते मोकळे झाले.

कणीक मळून तिने ओल्या फडक्याखाली ठेवली आणि पुन्हा हात धुतले. तिसऱ्यांदा. हात स्वच्छ आहेत हे तिला ठाऊक होतं, तरी नळ उघडायचा राहत नव्हता. सासूबाई खुर्चीत बसून बघत होत्या. पूर्वी तव्यावरून उतरलेल्या पहिल्या भाकरीचा काठ मोडून त्या चव घेत आणि मीठ कमी की जास्त ते सांगत. दोन महिने त्या फक्त नजरेनेच जाडी बघत होत्या. दात दुखतात, म्हणत.

मागच्या महिन्यातली एक गोष्ट घरात कुणी पुन्हा काढली नव्हती. उपासना संपल्यावर मुलगी चर्चच्या मागच्या कुंपणाशी खेळत होती. घरी येऊन तिने फ्रॉकचा खिसा टेबलावर रिकामा केला. भाकरीचे तुकडे. तिने ते ओळीत मांडले. अकरा. बायांनी ते तोंडाशी नेऊन रुमालात घेतले होते आणि बाहेर आल्यावर झुडपात टाकले होते. दूधबाई बराच वेळ बघत राहिली. मग एका तुकड्यावरची मुंगी तिने फुंकरीने उडवली, आणि प्रभूच्या नावाने मोडलेली भाकर मातीत जाऊ नये म्हणून ते अकराही तुकडे एकेक करून स्वतः खाल्ले. सासूबाईंनी तेव्हा डोळे मिटून घेतले होते.

साडेतीनला दार वाजलं. महिला मंडळाच्या सेक्रेटरीबाई होत्या. बाई वाईट नव्हत्या. दूधबाईचा नवरा गेला तेव्हा पंधरा दिवस जेवणाचा डबा त्यांनीच पोचवला होता. आज त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि पाणी नको म्हणाल्या. इकडचं तिकडचं झालं, मुलीच्या शाळेची चौकशी झाली. मग म्हणाल्या की उद्याची भाकर बेकरीतून आणायचं कमिटीने ठरवलंय.

"माझं काही नाही गं. पण लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार?"

दूधबाईने डॉक्टरांची चिठ्ठी आणायला कपाट उघडलं. सेक्रेटरीबाईंनी मान हलवली. चिठ्ठीचा प्रश्नच नव्हता. पवित्र शास्त्रात आहेच ना, देवाच्या सेवकाविरुद्ध त्याची सख्खी बहीण बोलली आणि बर्फासारखी पांढरी पडली. तेव्हा उद्या मंडळीसमोर उभं राहायचं, पाळकांविरुद्ध बोलले हे पाप झालं असं म्हणायचं. ते डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतील. पुढच्या महिन्यापासून परात पुन्हा तुझी.

"चार शब्द तर बोलायचेत. पोरीचा विचार कर. उद्या तिला कोण पदरात घेईल?"

त्या गेल्यावर घरात फक्त तव्याचा वास उरला. दूधबाईने विचारलं, "आई, तुम्हाला काय वाटतं?"

"भाकर भाजून घे," सासूबाई म्हणाल्या. "तवा तापलाय."

एवढंच. त्याचा अर्थ दूधबाईने आपल्या परीने लावला: आईही त्यांच्याच बाजूच्या. तिने भाकरी भाजल्या, कुणी खाणार नव्हतं तरी. दिवेलागणीपर्यंत ती या खोलीतून त्या खोलीत येरझारा घालत राहिली. मुलीचे घडी घातलेले कपडे तिने उलगडून पुन्हा घातले. मन मात्र एकाच जागी टोचत होतं. सभेत आपण चुकलो का? ती स्वतःला सूट देणारी बाई नव्हती. आवाज चढला होता, हे खरं. पाळकांचा चेहरा पडलेला बघून क्षणभर बरं वाटलं होतं, हेही खरं. पण पाण्यात जंतू होते, आणि ते कुणाच्याही प्रार्थनेने कमी-जास्त झालेले नव्हते. ती गुडघे टेकून बसली. देव ऐकतो याबद्दल तिला शंका नव्हती. शंका होती ती माणसांची.

रविवारी तिघी नेहमीच्या बाकावर, डावीकडच्या तिसऱ्या, बसल्या. त्यांच्या पुढचं बाक रिकामं राहिलं. टेबलावर पांढऱ्या कापडाखाली बेकरीची भाकर होती, फार गोल, फार सारखी. पाळक तरुण होते. डाग ही शिक्षा आहे, असं ते स्वतः कधी म्हणाले नव्हते. नाही, असंही म्हणाले नव्हते. आज ते म्हणाले की कुणाच्या मनावर ओझं असेल तर भोजनाआधी पुढे यावं. साठ माणसांनी मान न वळवता दूधबाईकडे बघितलं.

ती उठून पुढे गेली. हात पदरात झाकले नाहीत.

"सभेत मी रागाने बोलले," ती म्हणाली. "पाळकसाहेबांना कमीपणा यावा असं क्षणभर मला वाटलं. त्याची मी क्षमा मागते. पाण्याबद्दल बोलले ते खरं होतं. त्याची मागणार नाही. आणि हे डाग मला त्यासाठी आलेले नाहीत."

कुजबुज उठली. पाळकांनी हात अर्धवट वर केला, तिच्या डोक्यापर्यंत नेला नाही. मग जणू काही घडलंच नाही अशा घाईने ते टेबलाकडे वळले आणि त्यांनी भाकर उचलली.

"थांबा," मागून आवाज आला. सासूबाई उभ्या होत्या. एका हाताने नातीचा खांदा धरलेला, दुसऱ्या हातात डबा. त्या सावकाश पुढे आल्या.

"कबुली हवी होती ना तुम्हाला? माझी घ्या. मागच्या महिन्यात झुडपात अकरा तुकडे पडले होते. त्यातला एक माझा."

दूधबाईने वळून बघितलं.

"इतकी वर्षं मी ही भाकर केली, आणि तीच मी मातीत टाकली. मला भीती वाटली. घरात तिच्या हातचं सगळं खाते, आजारपणात तिनेच मला भरवलं. पण इथे बसले आणि शेजारणीचा रुमाल बघितला, की माझाही रुमाल निघाला. तो तुकडा पोरीने वेचून आणला आणि हिने माझ्यासमोर खाल्ला. तेव्हापासून माझ्या तोंडाला चव नाही." त्यांनी श्वास घेतला. "काल सेक्रेटरीबाई गोष्ट सांगून गेल्या. अर्धीच सांगितली. त्या बहिणीला सात दिवस छावणीबाहेर ठेवलं होतं, पण ती आत येईपर्यंत लोकांनी मुक्काम हलवला नाही. सगळे तिच्यासाठी थांबले. तुमच्यातलं कोण थांबलं?"

सासूबाईंनी डबा उघडला. आत कालची घरची भाकर होती. तिचा काठ त्यांच्या थरथरत्या बोटांना मोडेना, तेव्हा दूधबाईने तो मोडून दिला, पांढऱ्या पेरांच्या बोटांनी. सासूबाईंनी तो सगळ्यांसमोर चावून खाल्ला.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

मग त्या वेदीच्या पायरीवर बसल्या आणि सुनेला शेजारी बसवलं. मुलगी दोघींच्या मध्ये शिरली. "आम्ही इथे आहोत," सासूबाई पाळकांना म्हणाल्या. "तुम्हाला पुढे जायचं असेल तर जा."

बेकरीची भाकर पाळकांनी दोन्ही हातांत धरलेली होती. चौथ्या बाकावर सेक्रेटरीबाईंनी पर्समधून रुमाल काढला, बोटांत गुंडाळला, उलगडला, आणि परत आत ठेवला. बाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजून गेली. साठ माणसं बसून होती. कुणी छताकडे बघत होतं, कुणी आपल्या हातांकडे.

पाळकांनी भाकर अजून मोडली नव्हती.