जेवणाआधीची प्रार्थना

विजयसिंह समुद्रे चर्चमध्ये फक्त मयतीला जायचा. रविवारी लेकीला, क्रांतीला, संडे स्कूलच्या दारात सोडायचं आणि तास सुटेपर्यंत समोरच्या हॉटेलात मिसळ हाणायची, हा त्याचा धर्म. क्रांतीच्या बाप्तिस्म्याला मात्र त्यानं साऱ्या मंडळीसमोर ठणकावून वचन दिलं होतं की, लेकराला देवाच्या वाटेनं मीच नेईन. नेलं की, मोटारसायकलवरून.

आता क्रांती पंधरा वर्षांची झाली. रविवारी तिचं दृढीकरण होतं, म्हणजे तिथून पुढं चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या विधीला बसायचा हक्क. कोडोलीहून सगळे नातेवाईक येणार होते. त्यासाठी चर्चच्या पाळकसाहेबांनी दिलेल्या फॉर्मवर प्रश्न होता, घरी कौटुंबिक प्रार्थना होते का? विजयसिंहनं बेधडक लिहिलं, 'रोज.'

"छान," पाळकसाहेब म्हणाले. "शनिवारी दुपारी जेवायला येतो. तुमच्याबरोबर प्रार्थना करू, मग सही करतो."

विजयसिंह तडक घरी आला. त्यानं लेकीला बाजूला घेतलं.

"त्यांनी काय बी विचारलं तर फकस्त व्हय म्हणायचं."

क्रांती पुस्तक उचलून आत निघून गेली.

शनिवारी ताटात मटण पडलं. त्याच्या बायकोनं, अनुजानं, मान खाली घातली ती हसू लपवायला. विजयसिंहनं डोळे मिटले आणि त्याला जी एकच प्रार्थना पाठ होती ती सुरू झाली.

"हे दयाळू पित्या, आम्हा शोकाकुल कुटुंबीयांचं सांत्वन कर. आमच्यातून निघून गेलेल्या या प्रिय जिवाला तुझ्याजवळ विसावा दे..."

इतक्या सन्मानानं बोकडाला कोल्हापुरात आजवर कुणी निरोप दिला नसेल. पाळकसाहेबांनी शांतपणे आमेन म्हटलं आणि ते क्रांतीकडं वळले.

"रोज हीच प्रार्थना असते का गं?"

विजयसिंहनं डोळ्यांनीच लेकीकडं गयावया केली.

"न्हाय," क्रांती म्हणाली. "पप्पांनी आज पहिल्यांदाच केली. रोज मी एकटीच करते."

झालं. आता कोडोलीकरांना काय तोंड दाखवायचं? कार्टीचा असा राग आला की विचारू नका. पण रागापेक्षा लाज जास्त झोंबत होती. रोज एकटी? एकाच घरात राहून त्याला पत्ताच नव्हता.

पाळकसाहेबांनी फॉर्म काढून सही केली. "मुलगी तयार आहे."

"आणि मी लिवलंय ते?"

"ते तुम्ही आणि ती बघा."

मटण निवत चाललं होतं. क्रांतीनं हात जोडून डोळे मिटले.

"पप्पा, माझ्या मागनं म्हणा."

तो म्हणू लागला. दुसऱ्या ओळीला त्यानं हळूच एक डोळा उघडून ताटाकडं पाहिलं.

"डोळं," क्रांती न बघताच म्हणाली.

त्यानं मिटले.