आतला कॉम्प्युटर

देखरेख विभागातल्या मुलीने छापील कागदांचा गठ्ठा त्याच्यापुढे सरकवला आणि उठून दार लावून घेतलं.

पहिल्याच कागदावर त्याच्या कॉम्प्युटरच्या पडद्याचा फोटो होता, आणि पडद्यावर त्याचा नोकरीचा अर्ज. त्याने पाचसहा कागद उलटले. दुसऱ्या कंपन्यांना केलेले अर्ज आणि त्यांचे नकार, सगळं तारीखवार लावलेलं.

"पण हे तर आतल्या कॉम्प्युटरवर होतं," तो म्हणाला.

विम्याचे जुने दावे उघडणारा प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर चालेना, म्हणून ऑफिसनेच त्याच्या पोटात दुसरा, जुन्या धाटणीचा कॉम्प्युटर थाटून दिला होता. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. त्याच्याशेजारी तिसरा कसा बसवायचा, ते लेकीने फोनवरून शिकवलं. आतलं बाहेर कळत नाही, बिनधास्त अर्ज करा, असं तीच म्हणाली होती. देखरेखीच्या प्रोग्रामला ऑफिसात सगळे सासूबाई म्हणत. सासूबाईंना फसवल्याच्या आनंदात याने सात महिने काढले होते.

"काका, फायली आत राहतात. पण पडदा एकच ना? दर पाच मिनिटांनी त्याचा फोटो निघतो. त्यात तुम्ही अक्षरं केवढी मोठी ठेवता!"

मांजर डोळे मिटून दूध पितं, तशी गत. त्याचे कान तापले. पन्नाशी उलटलेल्या माणसाने अर्जामागून अर्जात 'मी नवीन गोष्टी चटकन शिकतो' असं लिहिलेलं या पोरीने वाचलं होतं. लाज वाटली ती त्याची.

"आत्ता काढून टाकतो मॅडम. फक्त वर कळवू नका. लेकीचं शिक्षण अजून दोन वर्षं आहे."

"वर मी पहिल्याच महिन्यात कळवलं होतं."

"मग?"

"चालू राहू दे म्हणाले." ती कागदांच्या कडा जुळवत राहिली. "परवाच्या अर्जात शेवटी आधीच्या अर्जातल्या कंपनीचंच नाव राहिलंय. दुरुस्त करून परत पाठवा. आजच पाठवा, काका."

"एवढी काय घाई?"

"पुढच्या महिन्यात जुने दावे बंद होतायत. तो प्रोग्रामही जाणार, आणि..."

मान हलवून तो जागेवर आला, तेवढ्यात लेकीचा फोन.

"बाबा, कुणाला कळलं नाही ना?"

"छे गं. कुणाच्या बापाला कळणार नाही."

फोन ठेवून त्याने कंपनीचं नाव बदललं. अर्ज वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. मग अक्षरं आणखी थोडी मोठी केली आणि न पाठवता, हात मांडीवर ठेवून, पाच मिनिटं तसाच बसून राहिला. फोटो निघू दे. काही चुकलं असेल तर ती सांगेल.